मागच्या सीटवर काय चालतं: एका व्हॅनकाकाचं पालकांना सांगणं

नाशिकमध्ये सातपूरच्या अशोकनगर, श्रमिकनगरमधून मुलं घ्यायची, त्र्यंबक रोडला लागायचं आणि एबीबी सर्कलवरून पुढे गंगापूर रोडच्या शाळेत सोडायची, हे माझं रोजचं काम. शिक्षकांना मूल वर्गात दिसतं, तुम्हाला घरी. मधला वेळ माझ्या आरशात असतो. आणि मुलांना जो त्रास दिला जातो तो बहुतेक अशा मधल्या वेळातच. व्हॅनची मागची सीट, मधली सुट्टी, बाथरूमबाहेरचा कोपरा, क्लासचा जिना. मोठं माणूस नसतं तिथे.

म्हणून ‘आज शाळेत काय झालं?’ असं विचारू नका, ‘काही नाही’ एवढंच उत्तर मिळेल. जागा धरून विचारा. व्हॅनमध्ये शेजारी कोण होतं? डबा कोणाबरोबर खाल्ला? सुट्टीत कुठे खेळलात? रोज ‘एकटाच’ असं उत्तर येऊ लागलं की सावध व्हा.

आरशात मला जे दिसतं ते सांगतो. खिडकीसाठी भांडणारं पोर अचानक माझ्या शेजारच्या सीटचा हट्ट धरतं. सगळे बसल्याशिवाय चढत नाही. ‘काका, मला आधी सोडा ना’ म्हणतं. घरच्यांना दिसेल ते वेगळं: डबा रिकामा, तरी आल्या आल्या भुकेनं कासावीस. कंपासपेटीतल्या वस्तू सारख्या हरवणं, किरकोळ पैसे मागणं, फक्त शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखणं. यातली एखादी गोष्ट एकदा घडली तर लगेच अर्थ काढू नका. दोन-तीन एकत्र, सलग दिसू लागल्या तर मात्र थांबू नका.

थट्टा आणि त्रास यांत फरक आहे. थट्टेत दोघंही हसतात आणि उद्या पारडं फिरतं. त्रासात रोज तोच एक रडकुंडीला येतो आणि समोरचा वयानं, अंगानं किंवा टोळक्यानं भारी असतो. रंगावरून, जाडीवरून, बोलण्यावरून, जातीवरून ठेवलेलं नाव हासुद्धा मारच आहे. मुलींमध्ये सहसा हात उचलला जात नाही, पण बोलणं तोडतात, ग्रुपमधून काढतात. ते बाहेरून दिसत नाही, म्हणून जास्त दिवस चालतं.

मूल बोलायला कधी लागतं? समोर बसवून चौकशी केल्यावर नाही. आमच्या भागात बाबा कंपनीत दुसऱ्या पाळीला असले की पोराची गाठ रविवारीच पडते. मग रविवारी मिसळ खायला नेताना गाडीवर मागे बसवून बोला. डोळ्यांत बघावं लागत नाही तेव्हा मुलं मोकळी होतात. बोलू लागलं की मध्ये तोडू नका. ‘तू काय केलं होतंस?’ हा प्रश्न त्या दिवशी नको. ‘तूही एक ठेवून दे’ तर मुळीच नको, कारण ते जमत नाही म्हणूनच तर ते रडतंय. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही, पुढे काय करायचं ते मिळून ठरवू’ एवढं पुरे.

मग एक वही करा. तारीख, जागा, काय झालं, कोणी पाहिलं. जखम असेल तर फोटो काढा, डॉक्टरांना दाखवून कागद घ्या. व्हॉट्सॲपवर असेल तर आधी स्क्रीनशॉट, मग ब्लॉक. त्रास देणाऱ्या मुलाच्या घरी भांडायला जाऊ नका. गेटवर त्याला गाठून दम तर अजिबात देऊ नका, दुसऱ्या दिवशी त्याचा वचपा तुमच्याच लेकरावर निघतो.

आधी वर्गशिक्षकांना भेटा. जागा बदलता येईल का, सुट्टीत लक्ष कोण ठेवेल, पुन्हा कधी भेटायचं, हे तिथेच ठरवून घ्या. आठवड्यात फरक पडला नाही तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शाळेत तक्रारपेटी असते, मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असते. त्यांचीही चौकशी करा. तिथेही दाद लागली नाही तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. लैंगिक स्वरूपाचं काही असेल तर शाळेच्या चौकशीची वाट पाहू नका, थेट पोलिसांत जा. त्यासाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. १०९८ ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन रात्रंदिवस चालू असते, मूल स्वतःही फोन करू शकतं. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, ‘मला जगायचं नाही’ असं म्हणालं तर त्याला एकटं सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या किंवा १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या नंबरवर बोला.

आणि फोन तुमच्या मुलाबद्दल आला तर? ‘आमचा असा नाही’ हे वाक्य गिळा. मारलंत तर ते आणखी लपून करेल. काय केलं ते त्याच्या तोंडून ऐका, घेतलेली वस्तू परत द्यायला लावा, आणि त्याला कोण त्रास देतंय का तेही बघा. माझ्या पाहण्यात दादागिरी करणारी काही पोरं घरी किंवा क्लासमध्ये स्वतःच मार खाणारी होती.

तुमच्या व्हॅनवाल्यालाही सांगा, पण मुलांसमोर नको, संध्याकाळी फोनवर. कोणाला कुठे बसवायचं हे आमच्या हातात असतं. लहानांना पुढे, मोठ्यांना मागे, आणि त्रास देणारा आणि सोसणारा या दोघांना एका रांगेत नाही. तेवढं आम्ही उद्याच्या फेरीपासून करू शकतो.