मॉडेल विमानाचं नवं पेट्रोल इंजिन कसं रुळवावं

नवं इंजिन आणलं की मैदानावर कुणीतरी हमखास सांगतं, "स्टँडला बांध, ऑइल दुप्पट घाल आणि दोन-चार टाक्या नुसत्या आयडलवर (सगळ्यात कमी वेगावर) जाळ." ऐकू नका. हा सल्ला जुन्या, मिथेनॉलवर चालणाऱ्या ग्लो इंजिनांचा. त्यातल्या अनेकांच्या पिस्टनला रिंग (पिस्टनभोवतीचं धातूचं कडं) नसायची, धातूवर धातू घासूनच जागा व्हायची. डीएलई ३० (३० सीसीचं) किंवा तसल्या पेट्रोल इंजिनात रिंग असते. जळालेला वायू तिच्या मागे शिरतो, तिला भिंतीवर दाबतो, तेव्हा ती बसते. आयडलला तेवढा दाब नसतोच. तासभर फटफटत ठेवलंत तर प्लग काळा होईल, मफलरमधून काळं तेल ठिबकेल आणि रिंग होती तशीच राहील.

पेट्रोल पंपावरचं साधंच घ्या. लिटरला ३३ मिली ऑइल, म्हणजे ३०:१. ऑइल एअर-कूल्ड टू-स्ट्रोकचं हवं; गाडीच्या क्रँककेसचं नको, बोटीचंही नको. टाकीत, क्लंकला (टाकीतल्या नळीच्या टोकाचं वजन) आणि बाहेर सगळीकडे पेट्रोलची नळी. ग्लोची सिलिकॉन नळी पेट्रोलात फुगून निसटते. ३० सीसीला १८×८ प्रॉप (पंखा; १८ इंच व्यास, ८ इंच पिच) लावा. प्लग टोपीत नसताना इग्निशन चालू करून प्रॉप फिरवू नका, सीडीआय (ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जातं.

विमान मागून पक्कं बांधा. चोक (कार्ब्युरेटरची हवा अडवणारी झडप) बंद, इग्निशन चालू, थ्रॉटल किंचित उघडा. हातात जाड ग्लोव्ह घालून प्रॉप मारा. 'फट्' असा एक आवाज आला की चोक उघडा आणि पुन्हा मारा. एवढंच. त्या आवाजानंतरही चोक बंद ठेवून मारत बसलात तर इंजिन पेट्रोलने भरतं, मग प्लग काढून वाळवत बसा.

आता खरी डोकेदुखी: सुया. इंजिनं बिघडतात ती इथे, आणि मलाही सगळ्यात जास्त छळलं ते यांनीच.

कार्ब्युरेटरवर पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या दोन सुया असतात, एल (लो, कमी वेगाची) आणि एच (हाय, फुल थ्रॉटलची). मॅन्युअलमध्ये दिलेल्या फेऱ्यांपासून सुरुवात करा. या जातीच्या कार्ब्युरेटरला दोन्ही साधारण दीड फेरा उघड्या असतात. सुई पूर्ण बंद करून फेरे मोजताना ती टेकली की थांबा, पिळू नका. टोकाला वळ पडला की ती सुई कधीच नीट लागत नाही.

बहुतेक जण आधी एच धरतात, कारण फुल थ्रॉटलचा आवाज ऐकायला मजा येते. उलटं करा. एलच्या वाटेने येणारं पेट्रोल फुल थ्रॉटललाही चालूच असतं, त्यामुळे एल हलवली की एचचं गणित बदलतं. आयडलवर एचचा प्रभाव मात्र जवळजवळ नसतो. म्हणून आधी एल, मग एच, मग पुन्हा एकदा एल.

इंजिन गरम होऊ द्या, मिनिटभर आयडलवर ठेवा आणि थ्रॉटल एकदम उघडा. खोकून, धूर सोडत, रेंगाळत वर गेलं तर एल रिच आहे, म्हणजे पेट्रोल जास्त. थोडी बंद करा. काही न बोलता गपकन बंद पडलं तर लीन, म्हणजे पेट्रोल कमी; उघडा. एका वेळी पाव फेऱ्याच्या निम्म्याहून जास्त नाही, आणि प्रत्येक बदलानंतर इंजिनाला थोडा वेळ द्या. लागोपाठ तीन बदल केलेत तर कशाने काय झालं ते कळत नाही.

एचसाठी टॅकोमीटर (आरपीएम मोजणारं यंत्र) हवाच, कान फसवतो. फुल थ्रॉटलवर सर्वांत जास्त आरपीएम मिळेल तिथून सुई उघडत आरपीएम सुमारे २०० ने खाली आणा. मग मदतनीसाने विमान घट्ट धरून नाक वर करावं. आवाज बसला तर एच अजून जराशी उघडा. नवं इंजिन थोडं रिच राहिलं तरी चालेल. लीन चाललं तर पिस्टन सिलिंडरला घासून ओरखडे पडतात, त्यावर इलाज नाही. जमिनीवर फुल थ्रॉटल काही सेकंदच. थंड करायला पुरेशी हवा मिळत नाही. आणि स्क्रूड्रायव्हर कायम प्रॉपच्या मागूनच. घाई असेल तर घरी जा, बोटं परत उगवत नाहीत.

एवढं झालं की उडवा. उरलेलं रुळणं हवेतच व्हायचं असतं. थ्रॉटल कमी-जास्त करत राहा, लांबलचक फुल थ्रॉटल नको, हॉवरिंग (नाक वर करून जागच्या जागी लटकणं) तर अजिबात नको. काऊल (इंजिनावरचं झाकण) असेल तर गरम हवा बाहेर जायची जागा आत येणाऱ्या जागेच्या निदान दुप्पट ठेवा.

उतरल्यावर प्रॉपचे बोल्ट तपासा, लाकडी प्रॉप दबून ढिला होतो. टाकी रिकामी करा आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलही चालवून संपवा. आता पंपावर ई-२० मिळतं. त्यातलं इथेनॉल पाणी ओढतं आणि महिनाभर पडून राहिलं तर कार्ब्युरेटरचा पडदा कडक होतो.

काही लिटर जळाले की प्रॉप हाताने फिरवताना कॉम्प्रेशन वाढलेलं जाणवेल, आयडल स्थिर होईल. तेव्हा सुया त्याच क्रमाने पुन्हा लावा, आणि मॅन्युअलची परवानगी असेल तर चांगल्या सिंथेटिक ऑइलसह ४०:१ वर या.