वहीत खाडा का पडतो? निरोगी मन घडवताना या चुका टाळा

अप्पा बळवंत चौकातून आणलेली दोनशे पानी वही, तिला प्लॅस्टिकचे कव्हर, पहिल्या पानावर ‘श्री’ आणि त्याखाली निळ्या व हिरव्या शाईने आखलेला तक्ता. पहाटे पाचला उठणे, वीस मिनिटे ध्यान, पर्वती, दहा पाने वाचन, कृतज्ञतेचे पाच मुद्दे आणि रात्री आत्मपरीक्षण असे सहा रकाने त्यात होते. एक जानेवारीला सहाही रकान्यांत बरोबरच्या खुणा होत्या, नऊ तारखेला दोन उरल्या, चौदाला एक, आणि सतरा तारखेपासून पुढची पाने कोरी होती. वहीच्या मालकीणबाई एका शाळेत गणित शिकवतात. समोर बसून त्या म्हणाल्या, “माझ्यात चिकाटीच नाही हो.”

कोथरूडमध्ये समुपदेशनाचे काम करताना अशा वह्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्या चाळून माझे असे मत झाले आहे की, मन प्रसन्न आणि खंबीर ठेवण्यासाठी चालवलेला रोजचा प्रयत्न मोडतो तेव्हा दोष बहुधा माणसाच्या चिकाटीत नसून प्रयत्नाच्या आखणीत असतो. आखणीतले दोष दुरुस्त करता येतात, म्हणूनच ते नीट ओळखून घेणे अगत्याचे आहे.

आरंभीच फार मोठा घास घेणे

बाईंच्या तक्त्यातील कामांना मिळून रोजचे जवळपास दोन तास लागत होते. पहाटे उठून पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढायच्या, घरी येऊन दोन डबे भरायचे, सातच्या बसने शाळा गाठायची आणि रात्री उत्तरपत्रिका बाजूला सारून आत्मपरीक्षण करायचे, हा क्रम उत्साहाच्या भरात आठ दिवस निभतो. नवव्या दिवशी घरात कुणाला ताप आला किंवा पाहुणे आले की तो कोसळतो. आखणी करताना आपण आपला सर्वांत चांगला दिवस डोळ्यांसमोर ठेवतो, आणि ती पाळायची असते मात्र सर्वांत वाईट दिवशीही. त्यामुळे कोणतीही सवय ठरवताना मी एकच प्रश्न विचारते: रात्री अकराला दमून घरी आलात, डोके दुखते आहे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघायचे आहे, अशा वेळीही हे काम होईल का? उत्तर नकारार्थी आले, तर काम आणखी लहान करायला हवे.

आम्ही त्या सहापैकी पाच रकाने खोडले. उरलेले एक काम असे ठरले की, सकाळी चहाचे आधण ठेवले की उकळी येईपर्यंत गॅलरीत उभे राहायचे, तीन दीर्घ श्वास घ्यायचे, समोर दिसणारी एक गोष्ट नीट पाहायची आणि चहा पिताना तिच्याविषयी एक ओळ लिहायची. इथे आधणाला महत्त्व आहे. ‘सकाळी कधीतरी शांत बसेन’ हा संकल्प हवेत राहतो. ‘आधण ठेवले की गॅलरीत जाईन’ असा ठरावीक प्रसंगाला बांधलेला संकल्प आठवणीवर विसंबून राहत नाही, कारण तो प्रसंगच त्याची आठवण करून देतो. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी ‘अमुक घडले की तमुक करीन’ या रचनेवर बरेच संशोधन केले असून नुसत्या इच्छेपेक्षा असा संकल्प तडीस जाण्याची शक्यता अधिक असते, असे त्यातून दिसून आले आहे. पुण्यातल्या बहुतेक घरांत सकाळचा चहा काही चुकत नाही, तेव्हा त्याला बांधलेली गोष्टही सहसा चुकत नाही.

याच चुकीची जुळी बहीण म्हणजे एकवीस दिवसांचा हिशेब. एकवीस दिवस केले की सवय लागते, हे वाक्य आता इतके रूढ झाले आहे की बाविसाव्या दिवशी काम जड वाटले तर माणूस स्वतःलाच नापास ठरवतो. या आकड्याचे मूळ सवयींच्या संशोधनात नाही. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनने १९६० मध्ये आपल्या रुग्णांविषयी असे निरीक्षण नोंदवले होते की, बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला त्यांना किमान एकवीस दिवस लागतात. त्यातला ‘किमान’ पुढे गळून पडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९६ जणांनी खाण्यापिण्याशी किंवा व्यायामाशी निगडित एक छोटी कृती रोज ठरावीक प्रसंगी करून पाहिली. ती अंगवळणी पडायला लागणाऱ्या काळाचा मध्यबिंदू ६६ दिवसांचा निघाला, आणि व्यक्तीव्यक्तींमधील अंदाज मात्र १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेले होते. म्हणून सुरुवात करताना निदान तीन महिन्यांची तयारी ठेवावी आणि शेजारणीला लवकर जमले याचा विचार करू नये.

एक खाडा पडला म्हणून वही मिटणे

याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो, तो म्हणजे मध्येच एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या प्रक्रियेत फारसा फरक पडला नाही. आपल्याकडे ‘व्रत मोडले’ ही भावना इतकी खोल रुजलेली आहे की सोळा दिवसांची कमाई सतराव्या दिवसाच्या एका खाड्याने वाया गेली, असे माणसाला खरोखरच वाटते. त्या बाईंच्या वहीतही सतरा तारखेला काही आकाशपाताळ एक झाले नव्हते. त्या दिवशी त्यांच्या सासूबाईंना दवाखान्यात न्यावे लागले होते, इतकेच. पाने कोरी राहिली ती अठरा तारखेच्या विचारामुळे: ‘आता काय उपयोग!’

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना या विचाराची ताकद फार जवळून ठाऊक असते. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण काम करते आहे. व्यसनमुक्तीच्या वाटेवर चालणाऱ्यांनी जगभर जपलेले ‘फक्त आजचा दिवस’ हे सूत्र मला नेहमी आठवते, कारण त्यात कालच्या घसरणीचा पश्चात्ताप आणि उद्याच्या निभावण्याची धास्ती ही दोन्ही ओझी खाली ठेवलेली असतात.

यावर प्रत्यक्ष उपाय म्हणजे वहीत खाड्यासाठी आधीच जागा ठेवणे. चुकलेल्या दिवसाचे पान कोरे सोडू नये. तारीख घालून ‘खाडा’ असे लिहावे आणि शेजारी दोन शब्दांत कारण द्यावे. महिन्याच्या शेवटी ही कारणे ओळीने वाचली की चित्र स्पष्ट होते. खाडे सतत सोमवारीच पडत असतील तर रविवारच्या जागरणाकडे पाहावे; सणासुदीला पडत असतील तर गणपतीच्या दहा दिवसांसाठी किंवा दिवाळीच्या आठवड्यासाठी आणखी छोटा क्रम आधीच ठरवून ठेवावा. लागोपाठ दोन दिवस चुकू नयेत एवढे एकच बंधन मी घालते, आणि तेही मोडले तरी तिसऱ्या दिवशी आधण हे ठेवायचेच असते.

स्वतःशी खोटे बोलणे, आणि तो ‘च’

सकारात्मक विचार म्हणजे आरशासमोर उभे राहून ‘मी अत्यंत यशस्वी आहे, सगळे मला मानतात’ असे म्हणणे, अशी समजूत सर्वत्र दिसते. ज्याचा आत्मविश्वास मुळातच खचलेला आहे त्याला हे वाक्य मनोमन खोटे वाटते आणि प्रत्येक उच्चारासरशी आतून विरोधाचे पुरावे वर येऊ लागतात. कॅनडातील वॉटरलू विद्यापीठाच्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नेमके हेच दाखवून दिले. स्वतःविषयी हीन भावना असलेल्या ज्या लोकांनी ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असे वाक्य स्वतःशी पुन्हापुन्हा म्हटले, त्यांना ते न म्हणणाऱ्यांपेक्षा अधिक वाईट वाटले.

मग काय म्हणावे? खरे असेल तेच, पण नेमके. ‘मी उत्तम शिक्षिका आहे’ असे मनाला पटत नसेल तर ‘आज सातवीतल्या त्या मुलीला अपूर्णांक समजला’ हे वाक्य लिहावे. ते घडलेले असते, त्यामुळे मनाला त्याच्याशी भांडता येत नाही.

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत माणसाच्या आग्रही मागण्यांवर बोट ठेवलेले आहे, आणि मराठीत या मागण्या पकडणे विलक्षण सोपे आहे, कारण त्या एका अक्षरात लपलेल्या असतात. ‘मला हे जमले पाहिजे’ आणि ‘मला हे जमलेच पाहिजे’ ही दोन वाक्ये मोठ्याने म्हणून पाहावीत. दुसऱ्या वाक्याच्या वेळी जबडा आवळला जातो. ‘त्याने असे वागायलाच नको होते’, ‘माझ्याच वाट्याला हे का’, ‘माझे काही होणारच नाही’ या सगळ्यांत तोच ‘च’ आहे. मी आठवड्यातून एकदा लोकांना त्यांचीच वही देऊन लाल शाईने सगळे ‘च’ अधोरेखित करायला सांगते. गणिताच्या बाईंनी एका पानावर अकरा शोधले आणि बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिल्या. मग एकेक वाक्य त्यांनी ‘च’ काढून पुन्हा लिहिले: ‘मला सगळ्यांना सांभाळलेच पाहिजे’ याचे ‘मला सगळ्यांना सांभाळायला आवडेल, रोज ते जमणार नाही’ असे झाले. सगळे ‘च’ काही वाईट नसतात. ‘औषध वेळेवर घ्यायलाच हवे’ यातला ठेवावा.

वाईट विचार दारातून हाकलणे

‘नकारात्मक विचार मनात येऊच द्यायचे नाहीत’ असा निश्चय करणाऱ्यांचा दिवस पहारा देण्यातच सरतो. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये केलेल्या प्रयोगात सहभागींना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले होते, आणि विचार आलाच तर घंटा वाजवायची होती. घंटा वाजत राहिल्या. शिवाय पुढे विचार करायची मोकळीक मिळाल्यावर, पहिल्यापासून मोकळीक असलेल्यांपेक्षा या लोकांच्या मनात ते अस्वल जास्त वेळा आले.

काळजीला हाकलण्याऐवजी तिला वेळ नेमून द्यावी. थॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेली ही पद्धत साधी आहे. रोज एकाच जागी, एकाच वेळी अर्धा तास काळजीसाठी राखून ठेवायचा, आणि दिवसभरात काळजी डोकावली की तिची नोंद करून ‘सहा वाजता भेटू’ असे म्हणून हातातले काम पुढे चालवायचे. झोपायच्या खोलीत किंवा रात्री उशिरा ही वेळ ठेवू नये, एवढे मात्र पाळावे. पुष्कळांचा अनुभव असा की सहा वाजेपर्यंत निम्म्या काळज्या शिळ्या झालेल्या असतात.

आणखी काही, थोडक्यात

मन प्रसन्न झाले की फिरायला जाईन, असे म्हणत थांबणे ही चूक दिसायला लहान आणि परिणामाने मोठी आहे. उदास मनाला आधी कृती लागते, उत्साह मागून येतो. तळजाईच्या टेकडीपर्यंत जाणे जमणार नसेल तर चप्पल घालून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन यावे.

सकाळी उठल्याबरोबर सुविचारांचे पंधरा फॉरवर्ड वाचणे आणि पुढे ढकलणे हा प्रयत्न नव्हे, कारण त्यात स्वतःच्या आयुष्यातले काहीही नसते. कृतज्ञतेची यादी रोज लिहिण्याचा आग्रहही मी धरत नाही. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सहा आठवड्यांच्या अभ्यासात आठवड्यातून एकदा अशी यादी करणाऱ्यांचे समाधान वाढले, तीन वेळा करणाऱ्यांचे वाढले नाही. ‘आई, नवरा, मुले, आरोग्य, घर’ ही यादी रोज उतरवली की ती हजेरीपटासारखी होते. त्यापेक्षा रविवारी दुपारी निवांत बसून एकाच माणसाने आठवड्यात आपल्यासाठी काय केले ते सविस्तर लिहावे.

आजाराला स्वभावदोष समजणे

ही चूक सर्वांत महागात पडते आणि तिच्याविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न राहत असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतली गोडी गेली असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, स्वतःविषयी निरुपयोगीपणाची भावना सतत येत असेल, तर ते नैराश्याचे लक्षण असू शकते. अशा माणसाला ‘जरा सकारात्मक विचार कर’ असे सांगणे म्हणजे पाय मोडलेल्याला पर्वती चढायला सांगणे आहे. वही, श्वास आणि गॅलरी यांनी तो आजार बरा होईल अशी वाट पाहत राहू नये. ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, शहरात अनेक मनोविकारतज्ज्ञ आहेत, आणि केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते, मराठीतही. जगणे नकोसे झाल्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगावे आणि मदत घ्यावी.

पहिल्या भेटीला जाताना वही सोबत न्यावी. डॉक्टर ‘कधीपासून?’ असे विचारतात तेव्हा बहुतेकांना नीट सांगता येत नाही. वहीत मात्र झोप पहिल्यांदा कधी उडाली, जेवण कधी नकोसे झाले आणि खाडे कोणत्या तारखेपासून वाढले, हे सगळे आपल्याच अक्षरात लिहिलेले असते.