थंडीत पिस्तूल शूटिंग करताना हात गरम कसे ठेवायचे

डिसेंबर-जानेवारीत पहाटे बालेवाडीला प्रॅक्टिस असो नाहीतर मॅचला दिल्लीत तुघलकाबादच्या रेंजवर जायचं असो, थंडीत पहिली वाट लागते ती बोटांची. एअर पिस्तूलचा ट्रिगर कमीत कमी ५०० ग्रॅमचा, म्हणजे ओढायला तेवढाच जोर लागतो, आणि बोट बधिर झालं की ट्रिगरचा पहिला टप्पा (शॉट सुटण्याआधीची हलकी ओढ) कुठे संपला तेच कळत नाही, शॉट आपोआप सुटतो आणि आपण बसतो ग्रिपला दोष देत.

आता लोक काय करतात, नुसतेच हात चोळत बसतात. पण अंग गार पडलं की शरीर हातापायांचा रक्तपुरवठा कमी करतं, म्हणून आधी छाती-पोट गरम ठेवा. आत थर्मल, वर बिनबाह्यांचं जॅकेट, म्हणजे खांदा मोकळा राहतो. जाड बाह्यांचा स्वेटर नकोच, हात उचलताना ओढ बसते, आणि मनगटाला आधार तर नियमातच बसत नाही. कानटोपी घाला, लाजू नका. लोकरी मोजे घाला पण बूट आवळतील इतके जाड नकोत.

मॅच ६० शॉट्सची, वेळ ७५ मिनिटं, त्यामुळे घाई नाही. दोनचार शॉट झाले की पिस्तूल रिकामं करून, सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामं आहे हे दाखवणारी रंगीत दोरी) लावून टेबलावर ठेवा आणि मग पिस्तुलाचा हात खिशातल्या हँड वॉर्मरवर. पिस्तूल एकाच हाताने धरतात, दुसरा मोकळा हात तसाही खिशातच असतो, तो वॉर्मर धरून ठेवेल. वॉर्मर कडक तापला तर तळवा घामेजतो आणि ग्रिप सरकते, तेव्हा कोमटच बरा.

चहा मॅचच्या बराच आधी घ्या, नाहीतर हातही थरथरतो आणि मधेच पळावं लागतं ते वेगळं. आणि जुनं सीओटूवालं (कार्बन डायऑक्साइड गॅसवर चालणारं) पिस्तूल असेल तर गारठ्यात गॅसचं प्रेशर उतरतं, सायटिंगचे शॉट (मॅचआधीचे, गुण न धरले जाणारे सरावाचे शॉट) नीट बघून घ्या.