प्रौढ वयात पदवीकडे वळताना: करिअरचे नियोजन कसे करावे

नोकरी, घर किंवा दोन्ही काही वर्षे सांभाळल्यानंतर उच्च शिक्षणाकडे वळणाऱ्या व्यक्तीने करिअरचा विचार शेवटच्या वर्षावर ढकलू नये. तो प्रवेशअर्ज भरण्यापूर्वीच सुरू करावा. नुकत्याच शाळेतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याच्या तुलनेत तिच्याजवळ वेळ कमी असतो, मात्र कामाच्या जगाची जाण अधिक असते, आणि नियोजन याच जाणिवेवर उभे राहायला हवे.

प्रथम, पदवीमुळे आपली नेमकी कोणती अडचण दूर होणार आहे, हे एका वाक्यात लिहून काढावे. परिचर्या, वकिली, अध्यापन अशा व्यवसायांत जेथे ठरावीक पात्रता आणि नोंदणीशिवाय काम करता येत नाही, तेथे अभ्यासक्रमाला त्या व्यवसायाच्या नियामक संस्थेची मान्यता आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. मान्यता नसेल तर उत्तम शिकवलेली पदवीही नोंदणीच्या वेळी निरुपयोगी ठरते. सध्याच्याच क्षेत्रातील बढती पदवीअभावी अडली असेल, तर कोणती पदवी ग्राह्य धरली जाईल आणि शुल्काचा काही भाग किंवा अभ्यासरजा मिळेल का, हे वरिष्ठांकडून लेखी विचारून घ्यावे.

क्षेत्रच बदलायचे असेल, तर तयारी बरीच जास्त लागते. हव्या असलेल्या पदाच्या वीस-पंचवीस जाहिराती गोळा करून त्यांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या अटींची यादी करावी आणि प्रत्येक अटीसमोर ती आपण आज पूर्ण करतो, अभ्यासक्रमातून पूर्ण होईल की वेगळ्या मार्गाने पूर्ण करावी लागेल, हे तीन रकान्यांत नोंदवावे. तिसऱ्या रकान्यात बरेच काही उरत असेल, तर अभ्यासक्रमाची निवड पुन्हा तपासावी. त्या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्या दोघा-तिघांशी बोलताना ‘नोकरी मिळेल का’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर सहसा सौजन्यापोटी दिले जाते. नवख्या माणसाला पहिल्या वर्षी कोणते काम आणि किती वेतन दिले जाते, हे विचारावे. सुरुवातीचे वेतन सध्याच्या मिळकतीपेक्षा कमी असण्याची शक्यता धरूनच घरखर्चाचा हिशेब मांडावा.

वेळेचा हिशेबही तितकाच रोखठोक असावा. युरोपीय श्रेयांक (क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचा भार मोजण्याचे एकक) पद्धतीत पूर्णवेळ अभ्यासाचे एक वर्ष ६० श्रेयांकांचे असते आणि एका श्रेयांकासाठी २५ ते ३० तासांचा अभ्यास गृहीत धरला जातो. म्हणजे निम्म्या गतीने शिकणाऱ्यालाही वर्षाला ७५० ते ९०० तास द्यावे लागतात. वर्षातले ४० आठवडे अभ्यासाचे मानले, तर आठवड्याला सुमारे १९ ते २३ तास होतात. हे तास कोणत्या दिवशी आणि कोणत्या कामातून काढायचे, हे घरातील माणसांसोबत बसूनच ठरवावे, कारण त्याचा भार त्यांच्यावरही पडणार असतो.

अनुभवाला शैक्षणिक मान्यता मिळण्याची सोय अनेक संस्थांत असते; फ्रान्समध्ये तर २००२ पासून कामाच्या अनुभवाच्या मूल्यमापनातून पदविका मिळवता येते. त्यासाठी केवळ नोकरीची वर्षे पुरत नाहीत, आपण काय शिकलो याचा पुरावा लागतो: अहवाल, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे, जबाबदारीचे स्वरूप सांगणारी पत्रे. ही कागदपत्रे जुनी नोकरी सोडण्यापूर्वी जमवावीत, नंतर ती मिळवणे कठीण जाते.

प्रवेशानंतर करिअर मार्गदर्शन कक्षाशी पहिल्याच सत्रात संपर्क साधावा. हे कक्ष बहुधा तरुण विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून चालतात, त्यामुळे आपली गरज स्पष्ट शब्दांत सांगावी लागते. प्रकल्पाचा विषय शक्यतो जुना अनुभव आणि नवे क्षेत्र यांना जोडणारा असावा: हिशेबनीस म्हणून काम केलेल्या व्यक्तीने संगणकशास्त्र शिकताना लेखापरीक्षणाच्या प्रणालीवर प्रकल्प केला, तर मुलाखतीत तिची मागची वर्षे जमेची बाजू ठरतात. नोकरीच्या अर्जातही नव्या कामाला उपयोगी पडणारी कौशल्ये आधी मांडावीत, आणि वयाबद्दल क्षमायाचनेचा सूर कटाक्षाने टाळावा.

प्रत्येक सत्राच्या अखेरीस जाहिरातींची ती यादी पुन्हा वाचावी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन क्रम्बोल्ट्झ यांनी सहकाऱ्यांसह १९९९ मध्ये मांडलेल्या विचारानुसार अनपेक्षित घटनांनाही करिअरमध्ये मोठे स्थान असते, आणि जिज्ञासा, चिकाटी व लवचीकता असेल तर त्यांतून संधी घडवता येते. म्हणून योजना बदलणे हा नियोजनाचाच भाग मानावा. अभ्यास मध्येच थांबवावा लागल्यास मिळालेल्या श्रेयांकांवर प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन बाहेर पडता येते का, याची माहिती मात्र प्रवेश घेण्यापूर्वीच मिळवून ठेवावी.