आजोबांच्या माळ्यावरची बंदूक

कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक बऱ्याच घरांत असते. परवानाधारक वारले की तेराव्याच्या गडबडीत ती कोणाला आठवत नाही. पण परवाना माणसासोबतच संपतो, आणि मग ती बंदूक घरात ठेवणं बेकायदा ठरतं, मुलगा सख्खा असला तरी! शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 21 प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावी लागते.

आधी ठाण्यात फोन करून कशी आणायची ते विचारा. चाप ओढून बघू नका. ठासणीच्या नळीत जुना बार तसाच भरलेला असू शकतो आणि बाहेरून तो दिसत नाही. आमच्या काकांनी अशीच ‘रिकामी’ बंदूक अंगणात झाडून कौलं फोडली होती.

जमा केल्याची पावती घ्याच. त्यावर नळीवरचा नंबर परवान्याच्या पुस्तिकेशी अक्षरन् अक्षर जुळतोय ना, ते तिथेच उभं राहून बघा. काडतुसं असतील तर त्यांची संख्याही लिहून घ्या.

बंदूक ठेवायचीच असेल तर वारस म्हणून स्वतःच्या नावाने परवान्यासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडे अर्ज करा. मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची लेखी संमती आधीच तयार ठेवा. भावंडांच्या सह्यांवरच गाडी अडते. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात, हेही मोजून घ्या.