धर्माकडे समाजशास्त्राच्या नजरेने बघायचं तर सुरुवात कुठून करायची

धर्मावर बोलायला बसलं की पाच-दहा मिनिटांत गाडी देव आहे की नाही यावर येते आणि मग जे व्हायचं तेच होतं. समाजशास्त्र शिकणाऱ्याने हा प्रश्न पहिल्याच दिवशी बाजूला ठेवायचा, कारण त्याचं उत्तर काढायची साधनंच आपल्याकडे नाहीत. आपल्याकडे काय आहे, तर मुलाखती, जनगणना, जुनी कागदपत्रं आणि स्वतः जाऊन केलेलं निरीक्षण, आणि त्यातून कळतं ते एवढंच की लोक काय मानतात, काय करतात, कोणाबरोबर करतात आणि त्यातून पुढे काय घडतं. तुम्ही भाविक असा नाहीतर पक्के नास्तिक, हे काम दोघांनाही सारखंच जमतं, फक्त स्वतःचं मत थोडा वेळ खिशात ठेवता आलं पाहिजे. ते वाटतं तेवढं सोपं नाही.

पहिलं काम म्हणजे 'धार्मिक' हा शब्द फोडायचा. त्यात तीन वेगळ्या गोष्टी गुंतलेल्या असतात: मनातली श्रद्धा, प्रत्यक्ष आचरण, आणि 'मी अमुक धर्माचा' ही ओळख. आपण धरून चालतो की तिन्ही एकत्र वाढतात आणि एकत्रच घटतात, पण तसं होत नाही. ग्रेस डेव्ही या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1994 मध्ये ब्रिटनबद्दल लिहिताना दाखवलं की तिथे चर्चला जाणारे कमी झाले तरी देव मानणारे बरेच शिल्लक होते. डेन्मार्कमध्ये चित्र आणखी वेगळं, बहुसंख्य लोक राष्ट्रीय चर्चचे सभासद आहेत, त्यासाठी वेगळा करही भरतात, पण दर रविवारी प्रार्थनेला जाणारे अगदी थोडे. आणि जपानमध्ये 'माझा कुठलाच धर्म नाही' असं सांगणारी कितीतरी माणसं नवीन वर्षाला देवळात जातात. म्हणून 'धर्म कमी होतोय' असं कोणी म्हटलं की लगेच विचारायचं, तिन्हीतलं नेमकं काय?

मग आकडे. इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेत 2011 ला स्वतःला ख्रिश्चन म्हणवणारे 59.3 टक्के होते, 2021 ला 46.2 टक्के झाले, आणि 'धर्म नाही' म्हणणारे 25.2 वरून 37.2 टक्क्यांवर गेले. दहा वर्षांत एवढा फरक म्हणजे प्रचंडच. पण हा आकडा आपल्या तीन गोष्टींपैकी ओळखीचा आहे, श्रद्धेचा नाही आणि आचरणाचाही नाही. शिवाय तिथला प्रश्न होता 'तुमचा धर्म कोणता?', म्हणजे धर्म असणारच हे गृहीत धरलेलं, आणि उत्तर देणं ऐच्छिक. त्यामुळे आकडा वापरायच्या आधी प्रश्नाचे मूळ शब्द शोधून वाचायचे, ही सवय लावून घ्याच.

दुसरी अडचण म्हणजे लोक स्वतःबद्दल जरा चांगलंच सांगतात. 1993 मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी एक साधी पण कष्टाची गोष्ट केली, एका भागातल्या चर्चमध्ये खरंच किती माणसं येतात ते मोजलं, आणि लोक सर्व्हेत जेवढं सांगत होते त्याच्या जवळपास निम्मीच उपस्थिती निघाली. आता लोक खोटारडे आहेत असा याचा अर्थ लावू नका. 'मी नियमित जाणारा माणूस आहे' असं सांगावंसं वाटणं हीच एक सामाजिक माहिती आहे, म्हणजे त्या समाजात धर्माला अजून मान आहे.

आता थिअरी. दुर्खीम, मार्क्स आणि वेबर हे समाजशास्त्राचा पाया घालणारे तिघं परीक्षेपुरते पाठ केले जातात आणि मग विसरले जातात, मला याचं खरंच वाईट वाटतं. तिघांकडून एकेक प्रश्न घ्या आणि तो घेऊन फिरा.

एमिल दुर्खीमचा प्रश्न: हे लोकांना एकत्र कसं बांधतं? 1912 च्या पुस्तकात त्याने ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या विधींवर लिहिलं (स्वतः तिथे गेला नव्हता, इतरांनी गोळा केलेल्या माहितीवर लिहिलं). त्याचं म्हणणं, माणसं एकत्र जमतात, एका तालात गातात, नाचतात, तेव्हा प्रत्येकाला आपल्यापेक्षा मोठं काहीतरी अंगात शिरल्यासारखं वाटतं आणि ती ताकद खरं तर समूहाचीच असते. हे एकदा कळलं की राष्ट्रध्वज, शपथविधी, खचाखच भरलेलं स्टेडियम सगळीकडे तेच दिसायला लागतं. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बेलाने 1967 मध्ये हाच धागा धरून 'नागरी धर्म' ही कल्पना मांडली, म्हणजे राष्ट्राच्या विधी-प्रतीकांना धर्मासारखं पावित्र्य येणं; त्याचं उदाहरण होतं अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचं 1961 चं शपथविधीचं भाषण, ज्यात देवाचा उल्लेख आहे पण येशूचा नाही. मात्र दुर्खीममध्ये एक उणीव राहते, जे आतल्यांना बांधतं तेच बाहेरच्यांना बाहेर ठेवतं, आणि एकाच शहरात चार धर्म असतील तर हे फारच महत्त्वाचं.

कार्ल मार्क्सचा प्रश्न: यात फायदा कोणाचा? 'धर्म ही लोकांची अफू आहे' हे त्याचं वाक्य सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच परिच्छेदात तो धर्माला दबलेल्या माणसाचा उसासा म्हणतो, ते कोणी सांगत नाही, आणि त्या काळात अफू हे वेदनेवरचं औषधही होतं. म्हणजे दुखणं खरं आहे असं तो मानतो. पण इथेही उलट उदाहरण शोधायचंच, जिथे धर्म दबलेल्यांना लढायला बळ देतो. अमेरिकेत माँटगोमेरी शहरात बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध 1955 मध्ये सुरू झालेला बस बहिष्कार वर्षभराहून जास्त चालला, त्याच्या सभा कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये भरायच्या आणि नेता मार्टिन ल्यूथर किंग स्वतः पाद्री होता.

मॅक्स वेबरचा प्रश्न मला सगळ्यात आवडतो: कुणाच्या मनात नसलेले परिणाम कोणते झाले? कॅल्व्हिनपंथीयांची (प्रोटेस्टंट ख्रिश्चनांमधला एक पंथ) श्रद्धा होती की कोण तरणार ते देवाने आधीच ठरवलंय आणि ते कळायला मार्ग नाही. त्या धास्तीत माणसं आपल्या कामातल्या यशात खूण शोधायला लागली, राबायची, चैन करायची नाहीत, आणि पैसा पुन्हा धंद्यात जायचा. भांडवलशाहीला बळ द्यायला कोणी निघालंच नव्हतं. इतिहासकारांनी यावर बरेच आक्षेप घेतलेत, ते वाचा, पण विचार करायची पद्धत शिकण्यासारखीच आहे.

बदल समजून घेताना 'आधुनिकता आली की धर्म जाणार' हे सूत्र जपून वापरा. समाजशास्त्रज्ञ पीटर बर्गर 1960 च्या दशकात या विचाराचा मोठा पुरस्कर्ता होता आणि 1999 मध्ये त्यानेच आपली चूक झाल्याचं जाहीरपणे मान्य केलं. 1979 ची इराणची क्रांती, पोलंडमध्ये कम्युनिस्ट सत्तेसमोर उभं राहिलेलं चर्च, हे त्या सूत्रात बसतच नव्हतं. होझे कासानोव्हा या समाजशास्त्रज्ञाने 1994 मध्ये गुंता सोडवला: कोर्ट, शाळा, सरकार धर्मापासून सुटे होणं हे एक, श्रद्धा-आचरण घटणं हे दुसरं, आणि धर्म घरापुरता उरणं हे तिसरं. एक झालं म्हणून बाकीचे दोन होतीलच असं नाही.

'हल्लीची तरुण पोरं धार्मिक नाहीत' या वाक्यापाशीही थांबा. वय वाढलं की ती वळतील, की ही पिढीच वेगळी आहे? एका वर्षाचा सर्व्हे हे सांगूच शकत नाही. एकाच दशकात जन्मलेल्यांचं दर दहा वर्षांनी काय झालं ते बघावं लागतं.

एवढं झालं की वही घेऊन एखाद्या प्रार्थनास्थळी जा. आधी परवानगी घ्या, आपण कशासाठी आलोय ते सांगा, फोटो विचारल्याशिवाय नको. निदान तीन वेळा जा, एकदा सणाच्या दिवशी, दोनदा अगदी साध्या दिवशी, कारण सणाची गर्दी बघून माणूस फसतो. पुढे कोण बसतं, मागे कोण, बोलतं कोण आणि झाडलोट कोण करतं, बायका कुठे असतात, पैशाचा हिशोब कोणाकडे, हे लिहा. 'तुमची श्रद्धा आहे का' असं विचारू नका, 'मागच्या आठवड्यात कधी आला होता, कोणाबरोबर' असं विचारा. वहीच्या डाव्या पानावर फक्त दिसलेलं-ऐकलेलं, उजव्या पानावर तुम्हाला काय वाटलं ते, आणि ही पानं त्याच रात्री भरा.