कोणी आपल्याला असं सांगितलं तर पहिले 'काहून' विचारू नका

मागच्या मे महिन्यातली दुपार, कूलर घरघर करून राहिला होता, आणि नात्यातली एक मुलगी माझ्यासोबत गवारीच्या शेंगा मोडता मोडता हळूच म्हणाली की परवा तिच्यावर जबरदस्ती झाली, ओळखीच्याच माणसाने केली. (तिला विचारूनच एवढं लिहून राहिली आहे, याच्या पुढचं काही लिहिणार नाही.) माझ्या तोंडातून पहिले काय निघालं, तर "काहून गेली होतीस त्याच्याकडे?" तिचा हात तिथेच थांबला, शेंग अर्धी मोडलेली, आणि मग चार दिवस ती याच्यावर एक शब्द बोलली नाही. ते चार दिवस किती महाग पडले हे मला नंतर कळलं, म्हणून हे लिहिते, उद्या तुमच्यासमोर कोणी असं बोललं तर तुमच्याकडून ती चूक होऊ नये.

पहिली गोष्ट, काय बोलायचं. "सांगितलंस ते बरं केलंस. तुझी काहीच चूक नाही. आत्ता तुला काय पाहिजे?" बस, एवढंच, मग गप्प बसा, पाणी द्या. तिला न विचारता मिठी मारू नका, पाठीवरून हातही फिरवू नका. पूर्ण गोष्ट खोदून खोदून विचारू नका, तक्रार केली तर तिला ती पोलिसांना, डॉक्टरला, कोर्टात सांगायचीच आहे. आणि कृपा करून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक अक्षर टाकू नका, पीडितेची ओळख छापणं किंवा पसरवणं हा गुन्हा आहे, २ वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

"ओरडली काहून नाहीस" हे तर बिलकुल नाही. स्टॉकहोमच्या एका दवाखान्यात बलात्कारानंतर आलेल्या २९८ बायकांचा अभ्यास २०१७ मध्ये छापून आला, त्यातल्या ७० टक्के बायकांनी सांगितलं की त्या वेळी शरीर बऱ्यापैकी गोठून गेलं होतं, हात हलेना, आवाज निघेना, आणि जवळपास अर्ध्यांचं तर अगदीच जास्त. म्हणजे हे ठरवून होत नाही, शरीर आपोआप करते. आपल्या विदर्भाला तर हे पहिलेच कळायला पाहिजे होतं. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरलं, पण सुप्रीम कोर्टाने सोडून दिलं, कारण काय तर अंगावर जखमा नाहीत, विरोध केलेला दिसत नाही. देशभर मोर्चे निघाले तेव्हा १९८३ मध्ये कायदा बदलला. प्रश्न मात्र आपल्या घराघरात अजून तेच आहेत.

आता दवाखाना. इथे घड्याळ महत्त्वाचं, म्हणून नीट वाचा. गर्भ राहू नये म्हणून गोळी जितक्या लवकर तितकी बरी, ७२ तासांच्या आत घेतलेली चांगली, तरी ५ दिवसांपर्यंत उपयोग होऊ शकतो. एचआयव्ही होऊ नये म्हणून जी औषधं असतात ती ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात, आणि २८ दिवस रोज घ्यायची. पुरावा म्हणून जे नमुने घेतात ते ९६ तासांपर्यंत, पण तेही जितके लवकर तितके चांगले. शक्य असेल तर आंघोळ करू नका, कपडे धुवू नका. आंघोळ केलीच असेल तरी जा, उशीर झाला असेल तरी जा, उपचार तर मिळतातच. त्या वेळचे कपडे पन्नीत भरू नका, ओल धरून बुरशी येते आणि पुरावा जातो. ओले असतील तर सावलीत वाळू द्या आणि प्रत्येक कपडा वेगवेगळ्या कागदात गुंडाळा, साधा कोरा कागदही चालतो.

नागपुरात मेडिकल, मेयो, डागा, कोणत्याही सरकारी दवाखान्यात जा. खासगी दवाखान्यालाही पहिला उपचार फुकट द्यावाच लागतो, नाही म्हणणं गुन्हा आहे. आम्ही गेलो तेव्हा खिडकीवरच्या माणसाने ऐकवलं, पहिले पोलिसांचं पत्र आणा, आणि आम्ही खरंच वापस फिरलो होतो. तसं फिरू नका. तपासणीसाठी ना एफआयआर लागतो ना पत्र, सरळ ड्युटीवरच्या डॉक्टरला भेटायचं म्हणा. दवाखाना पोलिसांना कळवतो, ते त्यांना करावंच लागते, पण तक्रार करायची की नाही हे १८ च्या वरच्या बाईने स्वतः ठरवायचं. ती नाही म्हणाली तर तसं लिहून घेतात, उपचार थांबत नाहीत. तपासणीतल्या कोणत्याही भागाला ती नको म्हणू शकते. आणि ती दोन बोटांची घाणेरडी चाचणी, म्हणजे योनीत बोटं घालून बाईला संबंधांची 'सवय' आहे का पाहणं, कोणी करायला लागलं तर तिथेच थांबवा. सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी या तपासण्या किती वाईट होतात याच्यावर २०१० मध्ये अहवाल लिहिला, त्याच्यावरून नागपूर खंडपीठात याचिका झाली, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलं की ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी.

पोलिसांचं थोडक्यात. घटना कामठीला झाली असो की बुटीबोरीला, सीताबर्डीच्या ठाण्यातही झिरो एफआयआर होतो, म्हणजे हद्द कोणाचीही असो, तक्रार लिहून घ्यावीच लागते. जबाब महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायचा, कॉपी फुकट मिळते. अशा प्रकरणात एफआयआर घेतला नाही तर त्या पोलिसालाच ६ महिने ते २ वर्षं शिक्षा आहे, हे शांतपणे सांगून पाहा. मुलगी किंवा मुलगा १८ च्या खालचा असेल तर मात्र पर्याय नाही, पॉक्सो म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, त्याच्याखाली ज्याला कळलं त्याने कळवायचंच, मुलांच्या हेल्पलाइनला १०९८ लावा. मोठ्यांसाठी महिला हेल्पलाइन १८१ किंवा पोलीस ११२. वकील परवडत नाही म्हणून थांबू नका, सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, बाईची कमाई कितीही असो वकील फुकट मिळतो, आणि अशा पीडितांना पैशाची मदत देणाऱ्या सरकारच्या मनोधैर्य योजनेचा अर्जही तिथेच, त्यात १० लाखांपर्यंत मदत आहे.

मनाचं मात्र लोक विसरून जातात. १९९२ च्या एका अमेरिकन अभ्यासात बलात्कारानंतर साधारण १२ दिवसांनी ९४ टक्के बायकांना झोप उडणं, दचकणं, तेच तेच डोळ्यासमोर येणं अशी आघाताच्या आजारात (पीटीएसडी) बसतील इतकी लक्षणं होती, तीन महिन्यांनी ४७ टक्क्यांना. म्हणजे पहिल्या आठवड्यांत ती रात्री तीनला उठून कडी तपासते तर ती वेडी नाही झाली, तिला तपासू द्या, सोबत उठा. पण महिना उलटून गेला आणि तसंच असेल तर "लग्न करून टाका, विसरेल" असलं काही करू नका, डॉक्टरकडे न्या. नुसत्या झोपेच्या गोळ्यांवर भागत नाही, आघातावरची वेगळी थेरपी असते, मानसतज्ज्ञ एडना फोआ यांनी बसवलेली, त्या आठवणीला हळूहळू सामोरं जायची पद्धत आहे, डोळे इकडून तिकडे फिरवत आठवणीवर काम करायची ईएमडीआर आहे, त्यांनी बऱ्याच जणींना फरक पडतो. कुठे जायचं कळत नसेल तर १४४१६ वर टेलिमानस, ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलतात.

पुढच्या तपासण्या लक्षात ठेवणंही तुमच्याच अंगावर घ्या. एचआयव्हीची तपासणी ६ आठवड्यांनी आणि परत ३ महिन्यांनी असते, ज्याचं मन जागेवर नाही त्याला तारखा कशा लक्षात राहणार. मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दोन्ही दिवसांवर पेनाने गोल केला आणि बाजूला "दवाखाना, १० वाजता" एवढंच लिहिलं, आल्यागेल्याला काही कळायला नको. दुसऱ्या तारखेच्या आदल्या रात्री तीच म्हणाली, उद्या तू येशील ना गं सोबत.